धनश्रीचं वाक्य

प्लेगच्या भीतीने बंद पडलेली सुरतजवळच्या बमरोलीतली मराठी शाळा पुन्हा उघडली, तेव्हा शकुंतलाबाईंच्या नववीत निम्मे बाक रिकामे होते. इंग्रजीचा धडा जिथे सुटला होता तिथूनच त्यांनी धरला. पूर्ण चालू भूतकाळ.

"एक गोष्ट घडली, पण तिच्या आधीपासून दुसरी काहीतरी चालू होती. चालू होती तिला हॅड बीन आणि क्रियापदाला आयएनजी. घडली तिला साधा भूतकाळ. कारीगर सकाळपासून काम करत होता, तेवढ्यात लाईट गेली. द वीव्हर हॅड बीन वर्किंग सिन्स मॉर्निंग व्हेन द लाइट्स वेंट ऑफ. आता तुमची वाक्यं सांगा."

धनश्री उठली. तिची आई प्रमिलाबाई याच सुट्टीत वारली होती. बाप गजेंद्र कापडाच्या लूमवर कामाला. गावी म्हातारी आजारी म्हणून धाकट्याला घेऊन आपण अमळनेरला गेलो आणि मागे बायकोला अचानक ताप भरला, असं तो सगळ्यांना सांगे. बाईंनीही तेच ऐकलं होतं.

"माय मदर हॅड बीन कफिंग फॉर टू डेज व्हेन माय फादर लेफ्ट."

वाक्यात चूक नव्हती. पोरीची क्रमात गफलत झाली असेल, असं बाईंना वाटलं. "आधी काय झालं, धनश्री? आई खोकत होती, की वडील गेले?"

"खोकला आधी, बाई. ताप पण. पप्पांनी भाईला उचललं आणि मला म्हणाले, तू आईजवळ थांब."

बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणालाच वाक्य विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात गजेंद्र दाखला न्यायला आला. कडोदऱ्याला नवं काम मिळालं होतं आणि घरी भाकरी टाकायला कोणी नव्हतं. बाईंनी त्याला व्हरांड्यात गाठलं. धनश्री दप्तर घेऊन शेजारीच उभी होती.

"तुम्ही निघालात तेव्हा प्रमिलाबाई आजारी होत्या ना?"

त्याने मुलीकडे पाहिलं, मग खाली. "अख्खी सुरत पळत होती, बाई. पोरगा एकच आहे मला."

"आणि ही?"

"दवाखान्यात म्हणाले, प्लेग नव्हताच. न्यूमोनिया. वेळेवर आणलं असतं तर..."

बाईंच्या तोंडाशी खूप काही आलं होतं. पण गजेंद्रचा राग घरी पोरीवर निघेल, म्हणून त्यांनी ते गिळलं. "निदान दहावीला तरी बसू द्या तिला."

"बघतो," तो म्हणाला.

फाटकापाशी त्याने दप्तर घ्यायला हात पुढे केला. धनश्रीने ते दिलं नाही. दोन पावलं मागे राहून ती चालत गेली.