वाया जाणारी ऊब

मी साठ वॅटचा बल्ब बोलतोय. पिवळा, फुगीर, काच काळवंडलेली. सध्या एका गोणपाटात पडलोय, सोबत माझ्यासारखेच नऊ जण. आज परभणीच्या हापिसात आम्हाला मोजतील आणि फोडतील. फोडा बाबांनो! पण ज्या शहाण्यानं माझा हिशोब केला, त्याची अक्कल किती ते आधी ऐकून घ्या.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. काच फुगवली, तार ओवली, हवा काढून घेतली, झालं. पेडगावच्या दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी दोन महिने धूळ खाल्ली. एक्क्याण्णवच्या दिवाळीत मल्हारीनं मला घरी नेलं. तो आणि त्याची बायको बानूबाई मेंढरं राखायचे. माणसंही मजेशीर! कंदिलाच्या उजेडात आठाला घोरणारा मल्हारी माझ्याखाली तासभर नुसती तंबाखू मळत बसायचा.

मग जीप घेऊन रंगनाथ साहेब आले. कुठल्या तरी वीज बचतीच्या पाहणीवर होते. दहा घरांत नवे दिवे वाटायचे होते. पांढऱ्या, वाकड्या नळ्यांचे, अकरा वॅटचे.

"बल्ब रोज किती तास जळतो?" साहेबांनी विचारलं.

"दिवेलागणीपासून निजस्तवर," बानूबाई म्हणाली. "लाईट असली तर."

"पाच तास धरू."

अरे, कुणाच्या घरचे पाच? तुझ्या परभणीच्या बंगल्यातले! पेडगावात ऐन संध्याकाळी लाईट जायची, ती कधी यायची ते देवालाच ठाऊक. पण साहेबांना त्याचं काय? साठातून अकरा वजा, गुणिले पाच, गुणिले तीनशे पासष्ट. वर्षाला एकोणनव्वद युनिट बचत! नवा दिवा अजून खोक्यातच होता, आणि बचत कागदावर चढलीसुद्धा.

वर म्हणतात कसे, "जुन्या बल्बची बहुतेक वीज नुसती ऊब होऊन वाया जाते. महिन्यानं येतो, तेव्हा हा घेऊन जाऊ."

वाया म्हणे!

पौषात बानूबाईची मेंढी व्याली आणि तिथंच मेली. माहेराहून, राणीसावरगावाहून आणलेली ती मेंढी, त्या वाणाची शेवटची. मागं कोकरू राहिलं, ओंजळीत मावेल एवढं, नुसतं थरथरणारं. बानूबाईनं ते डालग्याखाली ठेवलं आणि वर नवा दिवा टांगला. थोड्या वेळानं हात लावून बघितला.

"आगं बाई, ह्यो तर गारढोण हाय!"

तिनं मला टांगलं. कोकराची थरथर थांबली. नवा दिवा तिनं पुसून देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू लावलं. कुणी घरी येऊन दिलेली वस्तू अशी कोपऱ्यात टाकू नये, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून लाईट असेल तेवढा वेळ, दिवसासुद्धा, मी जळत होतो. बानूबाई शेळीचं दूध कापडाच्या बोळ्यानं पाजायची. कोकरू उभं राहायला लागलं. मला लय बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

महिना भरला. साहेब दुपारी आले आणि देव्हाऱ्यातला दिवा बघून भडकले.

"दिवसाढवळ्या हा जळतोय आणि नवा देवात? बाई, अक्कल गहाण टाकली काय?"

"साहेब, आठ दिस थांबा. पिल्लू तगू द्या, मग मीच आणून देते."

"अहवाल उद्या द्यायचाय. दहा घरं, दहा बल्ब."

"आन् ह्या पिल्लाला तुमच्या कागदात कुठं धरलंय?"

"तसा रकाना नाही."

त्यांनी मला धरलं आणि 'आई गं!' करून हात झटकला. बोटं भाजली. वाया जाणारी ऊब ती हीच, हे तेव्हा तरी डोक्यात शिरावं! पण नाही. रुमाल गुंडाळून मला काढलं आणि या गोणपाटात टाकलं.

साहेबांचा मुक्काम गावातच होता. आज सकाळी जीप निघताना मल्हारी आला.

"दुकानात बल्ब न्हवता, साहेब. बानू चुलीपाशी पिल्लू पदरात घिऊन बसली व्हती. उजाडायच्या आत गेलं." त्यानं नवा दिवा पुढं केला. "ह्यो बी न्या. तिला डोळ्यासमोर नको झालाय."

"अरेरे," साहेब म्हणाले. दिवा खोक्यात ठेवला, कागद मांडीवर घेतला आणि मल्हारीच्या नावापुढं लिहिलं: नवा दिवा चालू, बचत एकोणनव्वद युनिट.

हापिस आलं वाटतं. जाता जाता एकच मागणं आहे, साहेब. तेवढा आकडा तरी नीट करा. त्या घरात आता ना मी, ना तो, कंदील आहे. म्हणजे बचत पुऱ्या साठ वॅटची झाली. लिहा की!