सोळा फेऱ्यांची टोपी

आमचा हस्तलिखित विभाग बंद करताना कुलसचिवांनी मला एक पुस्तिका दिली. कठीण काळात विणकामाने मनाला उभारी येते, असे तिच्या सहा रंगीत पानांत सांगितले होते. माणसाचे काम काढून घ्यावे आणि त्याच्या हाती छंद ठेवावा, ही कारभाराची रीत जुनीच; रंगीत छपाई तेवढी नवी. पुस्तिका मी टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवली. तिथे तिची योग्यता सिद्ध झाली.

सात महिन्यांनी औषधोपचारांमुळे माझ्या थोरल्या बहिणीचे केस गेले. दर गुरुवारी तिला रुग्णालयाच्या ज्या दालनात सलाइन लावून चार तास बसवत, तिथली थंडी यंत्रांच्या प्रकृतीला मानवेल अशी राखलेली होती. विकतच्या टोप्या ताईला टोचत. आयुष्यभर क्रोशाचे काम केलेली तिची बोटे औषधाने बधिर झाली होती. उरलो मी.

"तुझे हात रिकामेच आहेत," ताई म्हणाली. "आईची विणकामाची वही घे, मऊ लोकर घे, आणि गुरुवारपर्यंत मला टोपी दे."

"मला सुई धरता येत नाही."

"लेखणी धरता येत होती ना? तिने तर कुणाचे कानसुद्धा झाकले नाहीत."

दोन दिवस तिने मला साखळी आणि खांब हे टाके शिकवले. "गळा आवळू नकोस," ती म्हणे. "लोकर आहे ती, कुलसचिव नाही."

क्रोशाची टोपी माथ्यापासून सुरू होते. आधी लहानशी चकती करायची, मग फेरीगणिक टाके वाढवायचे आणि योग्य वेळी वाढवणे थांबवायचे, म्हणजे कड आपोआप खाली वळते. वाद होता तो या योग्य वेळेचा. आईच्या वहीत लिहिले होते, 'डोक्याएवढी झाली की वाढवणे थांबवा.' मावशीने त्या वहीवरून केलेल्या नकलेत होते, 'सोळा फेऱ्या वाढवा.'

तीस वर्षे मी नकलाकारांच्या चुका धरत आलो. न कळलेले सोपे करून लिहिणे हा त्यांचा स्वभाव; म्हणून एकाच मजकुराच्या दोन पाठांपैकी सोपा पाठ नेहमीच संशयास्पद. आईचा पाठ इतका सोपा होता की तो निव्वळ सल्ला वाटे. शिवाय मूळ वही भिजल्यावर आईने ती पुन्हा उतरवून काढली होती; मावशीची नक्कल त्याआधीची, अर्थात अधिक जुनी. मी सोळा फेऱ्या ग्राह्य धरल्या आणि समासात सकारण टीप लिहिली.

एक लाजिरवाणी गोष्ट नोंदवणे भाग आहे. तेराव्या फेरीत माझ्या ध्यानात आले की तासाभरात मला कुलसचिवांची आठवण झाली नव्हती. पुस्तिका बरोबर असण्याची शक्यता मला सोसेना. मी घाईघाईने त्यांचे स्मरण केले, तर तीन खांब चुकले.

गुरुवारी सकाळी ताईने ती वस्तू दोन्ही हातांनी पसरून पाहिली.

"हे काय?"

"टोपी."

"कुणाची? पाण्याच्या टाकीची?"

मी पाठनिर्णय समजावला. भिजलेल्या वहीचा मुद्दाही तिने शांतपणे ऐकून घेतला.

"शहाण्या, मावशीकडचं गोल स्टूल आठवतं? त्याची खोळ आहे ही. आईच्या टोपीवरूनच केली तिनं, पण स्टुलाच्या मापानं."

"मग वर 'टोपी' असं का लिहिलं?"

"आईच्या वहीत तसं होतं म्हणून. नक्कल करत होती ना ती."

मथळ्याशी इतका इमानी नकलाकार मला तीस वर्षांत भेटला नव्हता.

दालनात ताई डोक्यावर ओढणी ओढून बसली. ओढणी घसरत होती आणि तिचे ओठ निळसर पडत चालले होते. मी ती खोळ मांडीवर घेऊन सोळा फेऱ्यांच्या समर्थनार्थ आणखी काही सापडते का, ते शोधत होतो.

"दे इकडे," ती म्हणाली. "विणता येत नसलं तरी उसवता येतं मला."

बधिर बोटांनी तिने एकेक फेरी सोडवली आणि लोकर गुंडाळली. हे काम तिने इतक्या चवीने केले की माझ्याच्याने बघवेना.

"आता किती ठेवायच्या?" मी विचारले.

"वही मिट. डोक्यावर ठेवून बघ."

मी चकती तिच्या माथ्यावर ठेवली. लहानपणी तिने मला न्हाऊ घातले होते. तिच्या डोक्याला मात्र माझा हात कधी लागला नव्हता. ते वाटले त्याहून लहान होते आणि गार होते. सहा फेऱ्या पुरल्या. आईचा पाठ शब्दशः खरा होता.

पुढे मी न वाढवता विणत गेलो आणि मधूनमधून टोपी तिच्या डोक्यावर घालून पाहत राहिलो. चौथ्या खेपेला टोपी कानांखाली पोचली.

"आता काढू नकोस," ती डोळे मिटून म्हणाली. "ऊब आलीय."

धागा तोडून शेवटचा टाका बंद करायचा राहिला होता. मी परिचारिकेकडे हळू आवाजात कात्री मागितली.

"काका, ती पट्ट्या कापायची आहे. लोकरीला लावली तर मोठ्या सिस्टर मला कापतील."

तेवढ्यात ताईला झोप लागली. त्या दालनात ती आजवर कधी झोपली नव्हती. तिच्या कानापासून निघालेला धागा माझ्या मांडीवरच्या गुंड्यापर्यंत आला होता, आणि मी उठलो असतो तर टोपी कडेपासून उसवत गेली असती.

तपासणीला आलेले डॉक्टर म्हणाले, "जरा बाहेर थांबता का?"

"थांबलो असतो," मी म्हणालो. "पण मला बांधलेले आहे."

डॉक्टरांनी धागा पाहिला, मग टोपी पाहिली, आणि ते खुर्चीला वळसा घालून पलीकडच्या बाजूने आले.