ओल्या लाकडावरचा भंडारा

मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्याच जायला लागल्या, तेव्हा गावाला देव आठवला. एरवी कुठला आठवायला! मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि ठरलं, पावसासाठी भंडारा घालायचा. वरण, बट्टी, वांग्याची भाजी. गहू कुणी दिला, तेल कुणी दिलं आणि लाकडाची ट्रॉली दिली प्रेमराजभाऊंनी. प्रेमराजभाऊ म्हणजे गावातले सगळ्यात मोठे केळीवाले. देणगी दिली की भोंग्यावर नाव पुकारलंच पाहिजे, असा माणूस.

भंडाऱ्याची चूल पेटवायचा मान झुलालआबांचा. सातपुड्याच्या पायथ्याशी गावाचा झिरा आहे, दगडांनी बांधून घेतलेला, आणि अख्खं गाव त्याचंच पाणी पितं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यातला गाळ काढायचं काम आबांच्या घराकडे, म्हणून मानही त्यांच्याकडे. आबांनी तो झिरा पोटच्या पोरासारखा जपला होता. शेजारच्या गावांत टँकर आले, इथं कधी आला नाही. पण यंदा धार करंगळीएवढी उरली आणि आबांच्या घशाखाली घास उतरेना. वरच्या दरीत जाऊन बघावं तर गुडघे साथ देत नव्हते. ज्याला विचारावं तो म्हणे, "काही नही आबा, वाळेल लाकडं काढतस लोके."

भंडाऱ्याच्या सकाळी मारुतीपुढे लांबलचक चर खणला. त्यावर कढया चढल्या. बाया पीठ मळायला बसल्या, त्यांत आबांची बायको सुगंधाबाईही होती. आबांनी नारळ फोडला, कापूर लावला आणि चूल पेटवली.

पेटली कसली! नुसता धूर. आबा फुंकणी घेऊन वाकले आणि तसेच थांबले. ओंडक्यांच्या टोकांतून पांढरा फेस येत होता. वाळलेल्या लाकडाला कधी फेस येतो का हो? आबांनी ट्रॉलीतला एक ओंडका उलथला, नखाने साल खरवडली. आत हिरवंगार. अंजनाचं लाकूड. दुसराही अंजनच. गावाच्या शिवारात अंजन औषधालाही सापडायचा नाही. तो होता फक्त झिऱ्याच्या माथ्यावरच्या दरीत.

"प्रेमराज, हाई लाकूड कोठेन आनं तू?"

प्रेमराजभाऊ हसले. "आबा, देवाचं काम शे. एक ट्रॉलीमा डोंगर रिकामा व्हस का?"

आबांनी ट्रॅक्टरवाल्याला समोर उभं केलं आणि मारुतीची शपथ घातली. तो घाबरला आणि सगळं बोलून गेला. दोन वर्षं झाली, झिऱ्याच्या डोक्यावरची दरी साफ होत होती. साग जायचा धुळ्याकडच्या कुठल्याशा वखारीत. कोवळी झाडं जायची प्रेमराजभाऊंच्या आणि इतरांच्या केळीला टेकू म्हणून. कुणाच्या गोठ्याला मेढी लागल्या, कुणाला कुंपणाला खांब. उरलंसुरलं आज देवाला आलं होतं. सगळ्या गावाला ठाऊक, एकट्या आबांना नाही!

आणि घरची पऱ्हाटी कुठं गेली? कपाशीच्या काड्यांचे ढीगच्या ढीग याच लोकांनी शिमग्याच्या सुमाराला बांधावर पेटवून दिले होते, रान लवकर मोकळं व्हावं म्हणून. घरचं जळण उगीच जाळायचं आणि चुलीसाठी उभा डोंगर तोडायचा. आग लागो असल्या शहाणपणाला!

आबांनी वरणासाठी भरून ठेवलेली घागर उचलली आणि सरळ चुलीत ओतली. बायांनी तोंडावर हात ठेवले. देवाची चूल विझवली!

"पाऊस मांगाले बसनात," आबा ओरडले, "आनि जो पाऊस धरी ठेवस त्यालेच चूलमा घालतस? तठलं झाड पाणी पेस, म्हनीसन झिरा वरीसभर वाहस. बठ्ठा डोंगर खाई टाका रे तुम्ही!"

"आबा," प्रेमराजभाऊ थंडपणे म्हणाले, "पाऊस नही उना ते गाव तुमलेच इचारी."

सुगंधाबाई पिठाचे हात पुसत उठली. लोकांना वाटलं, नवऱ्याला समजावेल. ती म्हणाली, "चाला घर. हाई अन्न आपले पचाव नही."

दोघं गेली. मागे लोकांनी चर कोरडा करून, डिझेल ओतून चूल पुन्हा पेटवली, पंगती उठल्या, भोंग्यावर प्रेमराजभाऊंचं नाव वाजलं. आबांच्या दारात कुणी भाजीची वाटीसुद्धा आणली नाही.

आणि पाऊस आला! दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी. आला म्हणजे काय, कोसळला. पोरं भिजत नाचली. प्रेमराजभाऊंनी पेढे वाटले आणि आबांच्या दारापुढून जाताना मुद्दाम हाक मारली, "काय आबा, पावना का नही देव?" आबा ओट्यावर बसून डोंगराकडे बघत राहिले. पावसाला नको कसं म्हणायचं?

सकाळी बाया हंडे घेऊन गेल्या आणि रिकामे हंडे घेऊन ओरडत परत आल्या. उघडी पडलेली दरी रात्रीत खाली उतरली होती. जिथं झिरा होता तिथं पुरुषभर चिखल, त्यात धोंडे, उपटलेले बुंधे. एवढा पाऊस पडला, पण तो अडवायला वर झाडच नव्हतं. माती घेऊन पाणी तडक तापीला गेलं आणि गावाला प्यायला घोटभर उरलं नाही.

आबा सुगंधाबाईच्या खांद्याला धरून आले. चिखलात पाय रोवून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. बापाने बांधलेला झिरा, त्याचा एक दगड दिसत नव्हता. मग त्यांनी डोळे पुसले. सगळं गाव रिकामे हंडे घेऊन भोवती उभं होतं. प्रेमराजभाऊ पुढे झाले. पायातला बूट चिखलात रुतलेला, आवाज पार उतरलेला.

"आबा, आते काय करानं?"

"काय करानं?" आबांचा आवाज दरीत घुमला. "झिरा परत दे म्हनीसन घाला आते दुसरा भंडारा! पन त्याले लाकडं कोठेन आनशात?"