बेटं फिरून आलेली पिशवी

मी एक पिशवी. शेलार गावच्या लूमवर विणलेल्या जाड कोऱ्या कापडाची, दोन लांब बंदांची. कालपर्यंत स्वयंपाकघरातल्या खुंटीवर माझ्यात लसूण भरून ठेवलेला असायचा. पण मी इटली पाहिलीय म्हटलं तर लसूणसुद्धा हसेल!

धामणकर नाक्यावरच्या विठू शिंप्याने मला शिवलं, ते जानकीबाईंच्या सांगण्यावरून. "बंद दुहेरी घाल रं. लांब जायाचंय," त्या त्याला बजावत होत्या. लांब म्हणजे किती लांब, हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक दिपाली आणि जावई भावेश इटलीत, व्हेनिसजवळच्या मेस्त्रे नावाच्या गावात राहत होते. दिपालीला सातवा महिना लागला होता. २००६ सालच्या मे महिन्यात जानकीबाई बाळंतपण करायला निघाल्या. माझ्यात डिंकाचे लाडू, खारा जवळा आणि बाळासाठी शिवलेली पिवळी कुंची.

पोचून चार दिवस झाले नाहीत तोच दिपालीच्या पोटात दुखायला लागलं. मुलगी झाली. सव्वा किलोची. तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. आत फक्त आईबापांनी जायचं, आजीने बाहेरच्या खिडकीतून बघायचं, असा तिथला नियम.

पहिल्या दिवशी भावेश जानकीबाईंना त्या खिडकीपाशी घेऊन गेला. मी त्यांच्या खांद्यावर होते. त्या खिडकीपर्यंत गेल्या, आणि काचेकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"आई, इकडे. डावीकडून दुसरी पेटी."

"बघली," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या. त्यांनी काही बघितलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

दिपाली आणि भावेश दिवसभर दवाखान्यात. घरात एक रिकामा पाळणा आणि जानकीबाई. त्यांनी दोनदा फरशी पुसली, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. तिसऱ्या दिवशी त्या जावयाला म्हणाल्या, "भावेशराव, मना घरान बसवत न्हाय."

बिचाऱ्याने बसचा आणि बोटीचा महिन्याचा पास काढून दिला, माझ्या आतल्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली आणि कुठली बस, कुठली बोट ते कागदावर आकड्यांत लिहून दिलं. खाडीकाठी वाढलेल्या बाईला बोटीची भीती कसली! मग आमची रोजची फेरी सुरू झाली. सकाळी भाकरी-जवळा माझ्यात घालायचा आणि निघायचं.

एके दिवशी मुरानो बेट. तिथे माणसं भट्टीपुढे उभं राहून काच फुगवत होती. काच दिसताच जानकीबाई मागच्या पावली फिरल्या. एके दिवशी किओज्जा, मासळीबाजाराचं गाव. तिथे मात्र त्यांनी एका म्हाकुळाला बोट लावून पाहिलं आणि "शिळं हाय" असं कोळणीला मराठीतच सांगितलं. कोळीण इटालियनमध्ये भांडली. तेवढाच त्यांचा जीव रमला. एके दिवशी तोर्चेल्लो. तिथे एक जुनं देऊळ, चार घरं आणि नुसतं गवत. पण कुठेही गेलं तरी पाच मिनिटांच्या वर बूड टेकायचं नाही. आलेल्या बोटीने पुढच्या धक्क्यावर, तिथून आणखी पुढे. माझे बंद त्या इतके पिळायच्या की शिवणीचे टाके उसवायला लागले.

घरी दिपालीला हे दिसत होतं. फक्त एकदा ताट सरकवत म्हणाली, "आज कुठलं बेट झालं?" जानकीबाई उठून भांडी घासायला लागल्या.

तेराव्या दिवशी आम्ही बुरानोला गेलो. तिथली घरं पिवळी, निळी, लाल. एका दारात एक म्हातारी सुईने पांढरी जाळी विणत बसली होती. जानकीबाई तिच्या शेजारी टेकल्या. का कोण जाणे, त्यांनी माझ्यातून कुंची काढून तिला दाखवली. म्हातारीने ती बोटांवर चढवली, हसली, आणि दोन्ही हात झोका दिल्यासारखे हलवून काहीतरी विचारलं. बाळ कुठंय, असंच असणार. जानकीबाईंनी तिच्या हातातून कुंची ओढली, मला उचललं आणि समोर लागलेल्या पहिल्या बोटीत चढल्या.

ती बोट उलट्या दिशेची होती. परत यायला तीन तास गेले.

घरी पोचलो तेव्हा दिपाली दारातच उभी होती. चेहरा पांढराफटक.

"दुपारी तिचा श्वास थांबला होता. डॉक्टरांनी परत आणला. मी घरी पाच फोन केले, आई. पाच! मला तू हवी होतीस." तिचा आवाज फाटला. "माझं बाळ काचेत आणि तू बेटं बघत फिरतेस? एकदा तरी बघितलंस तिला?"

जानकीबाई खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या मांडीवर.

"दिपे, तुझ्या आधी एक पोरगा व्हता मना," त्या म्हणाल्या. "असाच, सातव्या म्हयन्यान झालेला. सुईन म्हनाली, कापसान गुंडाल आनि सुपान ठेव. मी तीन दिस, तीन राती बघत बसले. पापनी न्हाय लवली. चौथ्या दिवशी बघता बघता गेला. लोक बोलले, आईचीच नजर लागली. तवापासून ते डोक्यातून जात न्हाय. म्हनून मी तुझ्या बालाला बघत न्हाय. लांब लांब जाते. जेवढी मी लांब, तेवढी ती बरी."

भावेशने पंखा बंद केला. उगीचच.

"बाबांनीसुद्धा कधी सांगितलं नाही," दिपाली म्हणाली.

"ते बोलतच न्हाईत त्यावर."

दुसऱ्या दिवशी भावेशला दवाखान्यात बसवून दिपाली स्वतः आमच्याबरोबर निघाली. ओली बाळंतीण, पण ऐकेना. बोटीत जानकीबाई तीनदा उठल्या, तीनदा दिपालीने पदर धरून खाली बसवलं. मुरानोच्या धक्क्यावर दोघींनी मिळून एक भाकरी खाल्ली. परतताना बसथांब्यावर घरची बस आली ती दिपालीने सोडून दिली आणि आईचा हात घट्ट धरून दवाखान्याची पकडली.

खिडकीपाशी जानकीबाई पुन्हा वळायला लागल्या.

"तू डोळे मीट," दिपाली म्हणाली. "मी सांगते तुला. टोपी निळी घातलीय. नाकात नळी आहे. आणि आई, ती एका पायाने सारखी लाथा मारतेय. पांघरूण उडवलं बघ. नर्सने घातलं... परत उडवलं! एक मिनिट स्वस्थ नाही कार्टी."

डोळे मिटलेल्या जानकीबाईंना हसू फुटलं. आणि हसता हसताच त्यांनी डोळे उघडले. त्यानंतर भेटीची वेळ संपेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मी खांद्यावरून घसरून जमिनीवर पडले, ते त्यांना कळलंही नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी बाळ घरी आलं. नाव ठेवलं दिशा. पिवळी कुंची तिला फार मोठी झाली.

आम्ही शेलारला परतलो तेव्हा शेजारच्या ठकुबाई म्हणाल्या, "पोरीच्या बालंतपनाला गेलीस का युरोप फिरायला? मजा केलीस गो!" जानकीबाईंनी फक्त मान हलवली. सांगून काय उपयोग? तुम्हीसुद्धा कुणाला घरावर संकट असताना रस्त्यावर भटकताना पाहाल, तर लगेच नावं ठेवू नका. शेजारी जागा असेल तर बसायला सरकून द्या.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. माझा रंग उडालाय, तळाला भोक पडलंय. पण आज सकाळी जानकीबाईंनी मला खुंटीवरून काढलं, लसूण टोपलीत ओतला, भोकाला ठिगळ लावलं आणि साबणाने खसाखसा धुतलं. परवा दिशा येतेय. तिला अंबाडी गावचा बाजार दाखवायचाय म्हणे.

तेव्हा बाकीचं पुन्हा कधीतरी बोलू. मला आधी वाळायला हवं.