ढोलाच्या जागी जीप

यवतला गाड्यांमध्ये टेप बसवणारे तसे तिघं-चौघं होते, पण पोपटरावांनी आपली जीप आणली ती संपतकडेच, कारण दोघंही वडगाव रासाईचे, आणि गावात पोपटरावांचाच शब्द चालायचा. मोबाईल नुकते खिशात आले होते आणि पोपटरावांना आता सगळंच मोठं हवं होतं.

"बिरोबाच्या पालखीपुढं छाती हादरली पायजे," एवढंच त्यांनी सांगितलं.

संपतनं दोन वूफर आणि एक अ‍ॅम्प्लिफायर निवडला. वूफर एकामागोमाग जोडले तर अ‍ॅम्प्लिफायरला पेलतात. शेजारी-शेजारी जोडले तर आवाज फुगतो, पण भार आवाक्याबाहेर जातो आणि अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतो. संपतनं ते एकामागोमाग जोडले आणि आवाज लावायला चुलत्याला, म्हस्कूआप्पांना, बोलावलं. पालखीपुढं ढोल वाजवायचा मान आप्पांचा, तेव्हा घुमारा त्यांच्याइतका कोणाला कळणार? आप्पा दुपारभर जीपमध्ये डोळे मिटून बसले. संपत बटण फिरवायचा, आप्पा मान हलवायचे.

"आजून कोरडाच हाय... आता आला बघ पोटातनं. ऱ्हाऊ दे हितंच."

आप्पा खूश होते. पुतण्याला उशिरा का होईना, ढोलाची गोडी लागली असं त्यांना वाटलं.

पालखीच्या आदल्या दिवशी पोपटरावांनी पारावर जाहीर केलं, की यंदा ढोल नको, जीपच पुढं चालेल. आप्पा तिथंच बसले होते. "बरं हाय की," असं म्हणून ते उठले आणि धोतर झटकून चालू लागले. संपतला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. आप्पांचा मान त्यानं आप्पांच्याच कानांनी काढून घेतला होता. बरं, पोपटरावांना तोंडावर 'नको' म्हणावं, तर तेवढी हिंमत या शहाण्यात नव्हती. त्यानं चोरवाट धरली. सकाळी सगळे देवळात असताना त्यानं गुपचूप तारा बदलून वूफर शेजारी-शेजारी जोडले. जीपचा आवाज बंद पडेल, लोक आपोआप आप्पांना हाक मारतील आणि आपण नामानिराळे राहू, असा त्याचा हिशेब.

पालखी निघाली. आधी आवाज असा वाढला की पोपटराव मिशीला पीळ देऊ लागले. वेशीपाशी अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागला आणि सगळं गप्प झालं. भंडारा उधळणारे हात थांबले.

"कसला मेकॅनिक रं तू?" पोपटराव खवळले. "गावापुढं घालवलीस माझी. आता तुझ्याकडं कोन गाडी आनतंय बघतोच."

"म्हस्कूआप्पा, ढोल आना वं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. शिव्या खाऊनही संपतला हायसं वाटलं.

आप्पा पुढं आले. "ढोलाचं पान फाटलंय," ते म्हणाले. "पोपटराव, पोराला वाईच दम घिऊ द्या. त्याचं काम चोख हाय, म्या सोता ऐकलंय." मग संपतजवळ वाकून हळू आवाजात म्हणाले, "त्या दिशी जोडलं हुतं तसंच जोड, बाळा. आज लई फुगलं हुतं."

संपतनं मान खाली घालून तारा पुन्हा पहिल्यासारख्या जोडल्या. आवाज घुमला, भंडारा उडाला, पोपटरावांनी त्याची पाठ थोपटली. ती थाप त्याला चपराकीसारखी लागली. आप्पा पालखीच्या मागून, बायकांच्याही मागून, चालत राहिले.

दिवस कलताना संपत चुलत्याच्या घरी गेला. केलेलं सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे, असं ठरवूनच गेला. ओसरीवर कोणी नव्हतं. आत खुंटीला ढोल होता. पान धड होतं. दोऱ्या आवळून ताणलेल्या होत्या, कडेला आजचीच ताजी हळद होती. कोणी बोलावलं तर असावा म्हणून आप्पांनी तो सकाळीच तयार करून ठेवला होता. संपतचं बोट नुसतं टेकलं, तर तो बोलला.

"कोन हाय रं?" परसातून आप्पांनी विचारलं.

"मी हाय, आप्पा," एवढंच संपत म्हणाला.