गंगेच्या दोन काठांचे उंदीर

मी एक जुना, पितळी सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. नजरेला न दिसणारे दाखवणे हाच माझा धर्म. पण निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात मी जे पाहिले त्याने मीच हादरलो.

परदेशातल्या कारखान्यात मी घडलो. १९४३ साली हैदराबादचे तरुण प्राध्यापक मार्तंडराव मला पालम गावी घेऊन आले. शेतातल्या उंदरांच्या पेशींना रंग दिला की आत गुणसूत्रांचे बारीक धागे दिसतात. ते धागे मोजायचे, हे आमचे काम. उंदीर धरून आणायचे ते गावातल्या म्हाताऱ्या आश्रुबांनी. गोदावरीला तिथली माणसे गंगाच म्हणतात. आधी तिच्या अलीकडच्या, मग पलीकडच्या काठावर ते सापळे लावत आणि प्रत्येक पिंजऱ्याला काठाची खूण बांधत.

अलीकडच्या उंदरांचे धागे नेहमी चाळीस भरत. दोन वर्षांनी पलीकडचा पहिला उंदीर आला. मार्तंडरावांनी मोजले. अडतीस! दुसऱ्या उंदरातही अडतीस, तिसऱ्यातही. दिसायला हुबेहूब सारखे, मधे एवढी एक नदी, आणि आत हा फरक? मार्तंडराव कडाडले, "आश्रुबा, कुठले भलतेच उंदीर आणलेस? लबाडी केलीस तू!"

म्हातारा म्हणाला, "न्हाई मास्तर, गंगेची आन! म्या सोता पल्याडून धरून आणलेत."

मार्तंडरावांनी त्यांना घालवून दिले.

चौथ्या दिवशी आश्रुबा दारात उभे. सोबत त्यांची बायको कडूबाई. ती म्हणाली, "मास्तर, चला पल्याड. तुमच्या हातानं सापळे लावा. तीन दिस झाले, ह्यांच्या घशाखाली घास उतरंना."

मार्तंडराव गेले. स्वतः उंदीर धरले, स्वतः रंग दिला, स्वतः मोजले. अडतीस! त्यांनी हात जोडले. "चुकलो मी, आश्रुबा. तुम्हीच बघा."

इतक्या दिवसांत आश्रुबांना कुणीही माझ्यात डोकावू दिले नव्हते. ते वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"एवढ्याशा धाग्यांपायी म्या लबाड ठरलो व्हय?"

ते परत कामावर आले नाहीत. मार्तंडरावांच्या निबंधात आश्रुबांचे नाव छापून आले; ते त्यांना वाचून दाखवायलाही मार्तंडरावांना तोंड उरले नाही. अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईच्या धामधुमीत मी कपाटात गेलो, तो आजवर तिथेच. भिंगावर बुरशी चढली आहे.

मित्रांनो, माझे भिंग मऊ कापडाने जरूर पुसा. पण आत काही नवल दिसले, तर माणसाला खोटे ठरवण्याआधी नदी ओलांडून या.