चार बोटं लाकूड

मास्तरांची चाकांची खुर्ची घराच्या दारापेक्षा चार बोटं रुंद होती. सुतारानं दोनदा माप घेतलं आणि मास्तरांच्या बायकोला म्हणाला, "बाई, चौकट चांगली जाड आहे. दोन्हीकडून तासली की झालं, अर्ध्या दिवसाचं काम. पण आधी ऑफिसचा कागद आणा. उगाच माझ्यावर केस नको."

सगळी गल्लीच सरकारनं जपायला घेतली होती. त्यातल्या पहिल्या वर्गातल्या घरांना तर बाहेरून खिळा मारायचीही चोरी. आणि हे घर पहिल्या वर्गात गेलं ते मास्तरांच्याच कृपेनं! चार वर्षांपूर्वी पाहणीवाले आले आणि शेजारच्या घरांचं कौतुक करू लागले. मास्तरांना कुठलं राहवतंय? उचलली जीभ लावली टाळ्याला. "आमचं दोनशे वर्षांचं," म्हणाले आणि खाली सहीसुद्धा ठोकली. खरं तर घर बाईंच्या सासऱ्यांनी बांधलेलं, शेजाऱ्यांची हुबेहूब नक्कल करून. बाई तेव्हा तोंड दाबून हसल्या होत्या.

पुढे अर्धांगवायूनं मास्तरांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. अकरा महिने त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. रोज उचलून न्यायला माणसं आणायची कुठून?

बाईंनी ऑफिसात खरं ते सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "सही मालकाची आहे. त्यांनीच कबूल करायला हवं." बाईंनी हातापाया पडून त्यांना घरी आणलं.

"मास्तर, दोनशे वर्षं म्हणालात ते खरं नव्हतं ना?" साहेबांनी विचारलं. "नुसती मान हलवा."

दारासमोर पर्यटकांचा एक घोळका चौकटीचे फोटो काढत होता. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.

"अहो, सांगा ना," बाई काकुळतीला आल्या. "कोणी हसणार नाही तुम्हाला."

मास्तरांनी डावा हात कष्टानं उचलला आणि दोन बोटं दाखवली.

"म्हणजे दोनशेच?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि ते गेले.

बाईंना असा संताप आला की खुर्ची गदागदा हलवावी. पण मास्तर समाधानानं दाराकडे पाहत होते. आता हे त्या दारातून जातील ते चौघांच्या खांद्यावरूनच, हे बाईंना कळून चुकलं.